सरांच्या डाव्या हातातला पॅड

मित्रांनो, मी बॉक्सिंग शिकवणाऱ्या सरांच्या डाव्या हातातला जुना पॅड आहे. वरून चामडे, आत ठासून भरलेला कापूस. खेळाडूने ठोसा मारायचा आणि मी तो झेलायचा, एवढेच माझे काम. पण माझ्यामागे सरांचा तळहात असे. मला बसलेला प्रत्येक मार त्यांच्या मनगटापर्यंत जाई.

एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर सरांनी तालीम काढली. तिथून एकामागून एक विजेते घडले. भिंती फोटोंनी भरल्या, सरांचे सत्कार झाले. सराव संपला की त्यांची बायको येऊन त्यांच्या शर्टाची बटणे लावून देई. खेळाडू तिला वहिनी म्हणत. "लोकांची पोरं घडवता घडवता स्वतःच्या हातांचं वाटोळं करून घेतलंत," ती म्हणे. सर नुसते हसत.

त्यांचा सर्वांत लाडका खेळाडू असा मारायचा, की त्याचे नावच 'घण' पडले होते. अजिंक्यपदाची लढत तोंडावर आली आणि त्याचे ठोसे माझ्या मध्यावर न बसता कडेला घसरू लागले. सरांनी सराव थांबवला आणि मला हातातून काढले.

"उजवा डोळा झाक. आता माझी बोटं मोज."

घणाला मोजता येईनात. "लढत झाली की डॉक्टरांना दाखवतो, सर."

"तू लढणार नाहीस. मी आयोजकांना कळवतोय."

"माझ्या आयुष्याची माती करताय तुम्ही."

"डोळा तरी राहील," सर म्हणाले.

ऑपरेशन झाले, डोळा वाचला. घणाने मात्र तालमीची पायरी सोडली. सर शिकवत राहिले, पण त्यांचा आवाज खाली गेला. पुढे बोटेच मिटेनाशी झाली, तेव्हा त्यांनी मला खिळ्याला टांगले. ते खुर्चीत बसून राहत. माझ्यावर धूळ चढत गेली.

एका दुपारी घण आला. केस पिकले होते. त्याने मला काढले, बाहीने पुसले आणि स्वतःच्या हातात चढवले.

"वहिनी भेटल्या होत्या. डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितलीत म्हणे. मारा, सर."

"अरे, मूठच वळत नाही."

"वळेल तेवढी वळवा. मला कुठे जायचं नाही."

सरांनी अर्धवट मूठ माझ्यावर टेकवली. घणाने हात तसूभरही हलवला नाही. "आणखी एक," तो म्हणाला.

मित्रांनो, मी थकलो आहे. शिवण उसवली, कापूस बाहेर डोकावतो. पण घण रोज येतो, म्हणून अजून कामावर आहे. तुम्ही जिंकाल तेव्हा खुशाल नाचा. फक्त तुमचे ठोसे ज्यांनी झेलले, त्यांचे हात एकदा हातात घेऊन बघा.