वॉशिंग्टनच्या तहाचे आभार

मंगळवारी सकाळी ईश्वरीने प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा गठ्ठा सुतळीने बांधला आणि जपानमधल्या आपल्या इमारतीखाली कचऱ्याच्या जागी नेऊन ठेवला. चार वर्षं खपून लिहिलेलं प्रकरण, पण रद्दी ती रद्दीच. नवरा अंबरीष, आयटीवाला, केव्हाच ऑफिसला पळाला होता. नाहीतर त्याने अडवलं असतं.

प्रकरण होतं १९२२च्या वॉशिंग्टन तहाचं. पहिलं महायुद्ध संपलेलं, ब्रिटनच्या तिजोरीत खडखडाट, अमेरिकेच्या काँग्रेसला नव्या बोटींवर पैसा घालायचा नाही. मग राजकारणी जमले आणि मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण ठरवून मोकळे झाले: ब्रिटन पाच, अमेरिका पाच, जपान तीन. बांधत आणलेल्या कितीतरी बोटी मोडीत. तिन्हीकडचे बरेच नौदल अधिकारी दातओठ खात बसले. ईश्वरीने हे सगळं तारखांसकट लिहिलं होतं. तरी तिच्या प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, की यात साध्या माणसाचं काय भलं झालं? उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं. नाहीतर मुदतवाढ नाही, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. ईश्वरीबाईसाहेबांनी ब्रिटिश मंत्र्यांची पत्रं उपसली, सिनेटची भाषणं उपसली. साधा माणूस तिथे कुठून सापडणार? शेवटी वैतागून तिने प्रकरणच रद्दीत काढलं होतं.

दहा मिनिटांत बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या निशिदा-सान, म्हणजे निशिदा आजी, ऐंशीला टेकलेल्या, हातात तोच गठ्ठा. जपानमध्ये कुठला कचरा कधी ठेवायचा याचे वार ठरलेले, आणि त्यांच्या गल्लीत कागदाचा वार बुधवार. मंगळवारी ठेवला तर शेजारी तो गोड हसून परत आणून देतात आणि आपण लाजेने अर्धमेले होतो. ईश्वरी वाकून वाकून माफी मागू लागली. आजींचं लक्ष मात्र गठ्ठ्यावरच्या फोटोकडे होतं: योकोसुकाच्या गोदीतली अर्धवट युद्धनौका.

त्यांचे वडील त्याच बोटीवर सुतार होते. ईश्वरीने आजींना आत बसवलं, चहा टाकला. तह झाला, काम थांबलं, वडिलांना घरी बसवलं. पोटासाठी ते इथे, उरायासुला आले आणि समुद्री शेवाळ काढणाऱ्या कोळ्यांना छोट्या होड्या बांधून देऊ लागले. त्यातल्याच एका कोळ्याच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं.

"जन्मभर होड्याच बांधल्या त्यांनी. मरेपर्यंत समाधानी होते," आजी म्हणाल्या. "तो तह करणाऱ्यांपैकी कोणी हयात आहे का गं? आभाराचं पत्र लिहायचं होतं."

ईश्वरीने चहाचा कप खाली ठेवला. आता कोणीच नाही, तिने सांगितलं.

"मग तुझ्या पुस्तकात लिही. पण वडिलांचं नाव नीट घाल."

तिने वही पुढे केली. आजींनी सावकाश नाव लिहिलं. या म्हातारीचे उपकार कसे फेडायचे, तेच ईश्वरीला कळेना.

शुक्रवारी प्राध्यापकांनी नवी पानं वाचली. मग त्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, की हे गृहस्थ कोण?

"ज्यांचं भलं झालं ते, सर," ईश्वरी म्हणाली. "त्यांची मुलगी माझ्या खालच्या मजल्यावर राहते."