मोठीआईचं पाणी

ही दोन हजार तेवीस सालची गोष्ट. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, म्हणून नारळी पौर्णिमा पार ऑगस्टच्या अखेरीला गेली.

डहाणूत किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला चिकूच्या एका वाडीत दोन भावांचं घर आहे. ओटा एक, दारं दोन. उजव्या दारात थोरली नर्मदा आणि तिचा नवरा रविंद्र. डाव्या दारात धाकटी जाऊ वर्षा आणि दिपक. त्यांचा एकुलता एक ऋषभ जन्मला डाव्या दारात आणि वाढला उजव्या दारात.

नर्मदेला मूल झालं नाही. वर्षा तलासरीला शाळेत शिकवायची. सकाळी एसटी धरायची ती उन्हं कलल्यावर परतायची. तोवर पोराचं सगळं नर्मदेकडे. तो तिला मोठीआई म्हणायचा. कांजिण्या आल्या तेव्हा कडुनिंबाचा पाला अंगावरून फिरवत तीच बसली होती, आणि खाडीच्या चिखलात उड्या मारणारे निवटे मासे पकडायलाही तिनंच नेलं होतं. ते निवटे त्यानं लोणच्याच्या बरणीत पाळले. मेले तेव्हा तो नर्मदेच्या पदरात तोंड खुपसून रडला, आईकडे गेला नाही. ही हकिकत नर्मदेनं हळदीकुंकवाला, बारशाला, बाजारात, जिथं म्हणून वर्षा कानाच्या अंतरावर असेल तिथं सांगितली होती.

बरणीची पुढे काचेची टाकी झाली, आणि टाकीत खारं पाणी आलं. दोन केशरी क्लाउनफिश, एक लाल पट्ट्यांची कोळंबी आणि दगडाला चिकटून बसलेलं एक समुद्रफूल. हात लावला की मिटायचं आणि सोडलं की पुन्हा बोटं पसरायचं. ऋषभ रत्नागिरीला मत्स्यविज्ञान शिकायला गेला, तेव्हा टाकी आईच्या हॉलमध्ये ठेवून गेला. कारण काय, तर इन्व्हर्टर तिकडे होता.

"इन्व्हर्टर आम्ही घेतला असता की," नर्मदा रविंद्रला म्हणाली.

"माशांसाठी?"

"माझ्यासाठी घ्या म्हटलं तर घेणार नाही, हे ठाऊक आहे मला."

टाकीमुळे रोज संध्याकाळी ऋषभचा व्हिडिओ कॉल आईला यायला लागला. मासे दाखव, पंप दाखव, मिठाचं प्रमाण किती आलं ते वाच. मधल्या भिंतीतून हसणं ऐकू यायचं. नर्मदेला फोन यायचा तो रविवारी, आणि त्यात 'जेवलीस का, गुडघा कसा आहे' एवढंच. पाहुणीला विचारावं तसं.

त्या श्रावणात माशांचं दुखणं पहिल्यांदा दिसलं ते मात्र नर्मदेलाच. वर्षा शाळेत होती. दोन्ही मासे दगडावर अंग घासत होते, बैल खुंटाला घासतो तसे. कल्ले भराभर हलत होते आणि परांवर कुणी बारीक मीठ भुरभुरवल्यासारखे पांढरे ठिपके होते. नर्मदेनं लगेच ऋषभला फोन लावला. तिला वाटलं, आता मात्र पोरगा म्हणेल, मोठीआई, तू होतीस म्हणून कळलं.

ऋषभ म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मम्मी आली की तिला फोटो काढायला सांग. तुझ्या फोनमध्ये स्पष्ट येणार नाही."

नर्मदा उठून आपल्या दारात आली आणि संध्याकाळभर तिकडे फिरकली नाही. त्यामुळे पुढचं बोलणं तिनं भिंतीआडूनच ऐकलं, तेही अर्धंमुर्धं. ऋषभ विचारत होता: ठिपके सुटे आहेत की पिठासारखी भुकटी दिसते? भुकटी असेल तर दुसराच रोग, त्यात फार वेळ मिळत नाही. खातात का? टॉर्च आडवा धरून बघ. वर्षा टॉर्च धरून सांगत होती: सुटे आहेत, मोजता येतात, खातात थोडं. मग तो म्हणाला, पांढऱ्या ठिपक्यांचाच रोग. तो किडा माशावरून गळून वाळूत जातो, तिथं त्याची पिलावळ होते आणि परत माशाला धरते. मासे वेगळ्या टबात काढायचे, औषध त्या टबात द्यायचं, आणि मोठी टाकी दीड महिना माशांवाचून ठेवायची. मासा मिळाला नाही की किडा उपाशी मरतो. कोळंबी आणि समुद्रफूल टाकीतच राहू देत, त्यांना हा रोग होत नाही.

शेवटी भिंतीतून आलं ते असं: "मम्मी, तू तर डॉक्टर झालीस!"

नर्मदेची भाकरी तव्यावर करपली.

"माशांचा जीव वाचतोय," रविंद्र म्हणाला, "तुझा का जातोय?"

दुसऱ्या दिवशी वर्षा निघताना ओट्यावर थांबली. "ताई, मी शाळेत असेन तेव्हा जरा लक्ष ठेवाल? टबातलं औषध मोठ्या टाकीत जाता कामा नये. मगसुद्धा वेगळा ठेवलाय."

"लक्षच ठेवायचं ना? ठेवीन हो. राखणदाराला दुसरं काय काम असतं?"

वर्षानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एसटीसाठी धावली.

नर्मदेला राखण पुरेना. मासे बरे होऊन मोठ्या टाकीत परत येतील तेव्हा त्यात आपलं काहीतरी असावं, असं तिनं मनात धरलं. आणि तिला सापडलंही. ही पोरं टाकीचं पाणी पाकिटातलं मीठ कालवून करतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि मीठ पाकिटातलं! मासे समुद्राचे, त्यांना समुद्राचं पाणी नको?

तिच्या सासरची जुनी रीत होती. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला की भरतीचं पाणी तांब्याच्या हंड्यातून घरी आणायचं, रात्रभर देवाजवळ ठेवायचं आणि सकाळी विहिरीवर आणि वाडीच्या चारी कोपऱ्यांना शिंपडायचं. नर्मदेचा हंडा कैनाडहून माहेरचा आलेला. त्या वर्षी तिनं तो चिंच आणि मीठ लावून असा घासला की त्यात तोंड दिसावं. एक पुरणार नाही म्हणून सासूचा हंडाही काढला.

पाणी आणायला ओळखीच्या नविनची रिक्षा होती.

"काकी, दोन हंडे? घरातलं मीठ संपलं का?"

"तू समोर बघून चालव. सांडलं तर रिक्षा तुलाच धुवायला लावीन."

"आणि नारळ? प्रसाद तरी द्या."

"आधी घरी पोचव. मग नारळ देते, फोडलेला. तुझं डोकं शाबूत राहू दे."

पावसाळ्याचं पाणी गढूळच. गाळ खाली बसावा म्हणून तिनं दोन्ही हंडे रात्रभर देवाजवळ ठेवले, वर धुतलेलं लुगड्याचं फडकं बांधलं. सकाळी वर्षा गेल्यावर टाकीतलं जुनं पाणी उपसलं, विहिरीपुरतं बाजूला ठेवून वरवरचं नितळ पाणी टाकीत ओतलं, आणि हंडे ओट्यावर पालथे घातले. टबाकडे ती गेलीसुद्धा नाही. औषधाची बाटली लांब ठेवली. आपण किती जपून वागलो, याचंच तिला कौतुक.

संध्याकाळी कोळंबी आडवी पडून पाय झाडत होती. समुद्रफूल आक्रसून सुकल्या बोरासारखं झालं होतं. वर्षा पर्स खांद्याला तशीच ठेवून टाकीपुढे बसली. फोन लागला. ऋषभनं सांगितलं, टबासाठी जी तपासणीच्या थेंबांची बाटली दिलीय, तिनं मोठ्या टाकीचं पाणी तपास. वर्षानं काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाण्याला रंग चढला.

"मम्मी, ते तांबं आहे," ऋषभचा आवाज बारीक झाला. "टबातलं औषध तांब्याचंच असतं. माशांना चालतं, कोळंबीला आणि फुलाला ते विष. टाकीत आलं कुठून?"

नर्मदा दाराशी उभी होती. तिच्या पाठीमागे ओट्यावर दोन हंडे पालथे चमकत होते. वर्षानं हंड्यांकडे पाहिलं. मग नर्मदेकडे पाहिलं. मग फोनकडे वळली.

"माझाच हात चुकला रे. सकाळी घाईत टबातला मग टाकीत बुडवला मी."

"रडू नकोस मम्मी. असू दे. तू एकटी किती करणार?"

नर्मदा सुटली होती. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण तो 'एकटी' शब्द तिच्या वर्मी बसला. चूक आपली, आणि समजूत मात्र वर्षाची काढली जात होती! तिनं फोन हिसकावून घेतला.

"एकटी कशानं? मी मेले का इथं? पाणी मी घातलंय! माझ्या हंड्यांतून!"



"मोठीआई, तांब्याच्या हंड्यातून? समुद्राचं पाणी? किती वेळ ठेवलंस?"

"रात्रभर. आणि लख्ख घासले होते हो. घाणेरड्या भांड्यातून तुझ्या जनावरांना पाणी घालीन होय मी?"

मग ऋषभ जो सुटला तो सुटला. घासून तांबं उघडं केलंस, वर खारं पाणी रात्रभर, आख्खा हंडा विरघळला असेल त्यात! कुणी सांगितलं होतं? विचारायला तोंड नव्हतं? अगं, ती कोळंबी माझ्या हातावर येऊन बसायची! त्याचा आवाज फुटला आणि तो हुंदके देऊन रडायला लागला, निवटे मेले तेव्हा रडला होता तसा. नर्मदा "हो रे बाबा, हो रे" करत राहिली. डोळ्यांना पाणी होतं, आणि आतून इतकं गार वाटत होतं की तिची तिलाच लाज वाटली.

वर्षा फोनसाठी हात पुढे करून उभी होती. नर्मदेनं तिच्याकडे पाहिलं. ते ओढलेले ओठ, ती नजर. तिचा स्वतःचाच चेहरा भिंतीपलीकडून इकडे आल्यासारखा.

फोन बंद झाल्यावर वर्षा म्हणाली, "झालं ना मनासारखं? भांडणसुद्धा तुम्हीच नेलंत."

"म्हणजे?"

"माझ्याशी तो कधी भांडत नाही, ताई. मी काही केलं तरी गोडच बोलतो. शाळेतल्या बाईंशी बोलावं तसं. आज म्हटलं, रागावेल, चार शब्द बोलेल. तर म्हणाला, असू दे."

"म्हणून खोटं बोललीस? मला वाचवायला नाही?"

"तुम्हाला कशाला वाचवू?" वर्षा नाक ओढत म्हणाली, आणि दोघींना एकदमच हसू आलं, फार टिकलं नाही ते.

ऋषभनं सांगितल्याप्रमाणे दोघींनी मिळून पाणी उपसलं, पाकिटातलं मीठ कालवून नवं भरलं, गाळणीत कोळशाची पिशवी टाकली. नर्मदा मोठ्यानं रंग वाचायची आणि वर्षा तिनं वाचलेलं पुन्हा तपासायची.

कोळंबी त्याच संध्याकाळी गेली. समुद्रफुलानं थोडे दिवस काढले, मग तेही गेलं. मासे मात्र टबात बरे झाले आणि दिवाळीच्या आधी मोठ्या टाकीत परतले. त्यांतला एक अजून आहे. नविननं रिक्षा विकून जीप घेतली, आता तो तलासरी-अच्छाड फेऱ्या मारतो. रविंद्रचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिपकनं टाकीसाठी मोठा पंप आणला. वर्षाला निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत. ऋषभ शेवटच्या वर्षाला आहे, आणि त्याच्या वर्गातली भाविका म्हणून एक मुलगी आहे. मासे आजारी पडले की आता तो पहिला फोन तिला करतो. ते कळल्यापासून नर्मदा आणि वर्षा संध्याकाळी ओट्यावर एकत्र बसतात. भाविकाला दोघींनी अजून पाहिलेलं नाही, पण तिला माशांतलं फारसं कळत नसावं, यावर दोघींचं एकमत आहे.