आन्याचं कोपर

देवदत्तला धनुष्य धरायला शैलेंद्रने शिकवलं होतं, आणि ही गोष्ट आता शैलेंद्रखेरीज कुणालाही आठवत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये दोन घरं सोडून राहायला आलेला हा नाशिककर स्वतःहून त्याच्या मागे लागला होता, "यार शैलेंद्र, मलाही एकदा रेंजवर ने." शैलेंद्रने नेलं. आणि त्याच देवदत्तने गेल्या सीझनला चक्क हरीण मारलं. शैलेंद्रने सहा वर्षं झाडावर बसून फक्त खारी मोजल्या होत्या. देवदत्तने ते मांस ओळखीच्या घरोघरी वाटलं. "मटणापेक्षा हलकं आहे हो," असं शैलेंद्रची बायको पद्मिनी म्हणाली. स्वतःच्या नवऱ्यासमोर, स्वतःच्या नवऱ्याच्या स्वयंपाकघरात! तो घास शैलेंद्रच्या घशाखाली उतरला नाही.

तरी हे सगळं त्याने पोटात घातलं असतं. पण आता प्रश्न आन्याचा होता.

आन्या पंधरा वर्षांची, त्याची एकुलती एक. तिच्या नवव्या वाढदिवसाला प्लास्टिकचं धनुष्य त्यानेच आणलं होतं. यंदा तिने हंटिंगचा कोर्स पास केला, खरं कंपाऊंड धनुष्य घेतलं, आणि यंदा ती पहिल्यांदा शिकारीला जाणार होती. तिच्या वयाच्या मुलीबरोबर कुणीतरी मोठं माणूस बसावं लागतं. ते माणूस कोण, हे अजून कुणी बोललेलं नव्हतं. शैलेंद्र विचारायला भीत होता, कारण आन्याच्या तोंडी अलीकडे एकच पालुपद होतं: देवदत्त काका म्हणतात.

नव्या धनुष्याला रेस्ट निवडतानाही तेच. रेस्ट म्हणजे बाण ज्याच्यावर टेकतो तो चिमुकला भाग. शैलेंद्रने तिला दुकानात नेऊन स्वतःसारखाच गोल ब्रशचा रेस्ट दाखवला. "बाण चारी बाजूंनी धरलेला राहतो. थंडीने हात कापले तरी पडत नाही. मी सहा वर्षं हाच वापरतोय."

"देवदत्त काका म्हणतात, ड्रॉप-अवे घे," आन्या म्हणाली. "बाण सुटला की त्याचा आर्म खाली पडतो. मागच्या पिसांना काही टचच होत नाही."

तिने दोन्हींवर डझनभर बाण मारून पाहिले आणि ड्रॉप-अवे घेतला. तो बसवायलाही ती काकांकडेच गेली. देवदत्त दोन तास त्याच्या किचन टेबलावर आर्म खाली पाडणारी दोरी बांधत, सोडत, पुन्हा बांधत होता. आन्या त्याला टॉर्च धरून होती. शैलेंद्र सोफ्यावर बसून चहा पीत होता आणि आतून खदखदत होता. पोरीला टॉर्च धरायची हौस आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्यासाठी तिने कधी धरला नव्हता.

मग खंडेनवमी आली. शैलेंद्रच्या घरी हा दिवस कधी चुकला नव्हता. पाटावर लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, स्क्रूड्रायव्हरचा डबा, पद्मिनीचं शिलाई मशीन आणि दोन धनुष्यं मांडली. शैलेंद्रने हळद-कुंकू वाहिलं, फुलं वाहिली, मग कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या. त्यातला एक दाणा आन्याच्या धनुष्यावरून घरंगळला आणि रेस्टचा आर्म जिथे खाली पडतो त्या फटीत जाऊन बसला.

त्याने तो पाहिला. नखाने काढता आला असता. देवाची अक्षता आहे, उद्या काढू, असं तो मनाशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्याने धनुष्यं उचलली आणि मऊ फडक्याने हळद-कुंकू पुसलं. दाणा फटीत वाळून घट्ट बसला होता. शैलेंद्रने सगळीकडून पुसलं. तेवढं सोडून.

पोरीचं वाईट व्हावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. देवदत्तच्या त्या लाडक्या रेस्टने एकदा, फक्त एकदा माती खावी, एवढंच त्याला हवं होतं.

त्या संध्याकाळी पार्कातल्या रेंजवर आन्याचा बाण शेपूट हलवत गेला आणि टार्गेटच्या कडेला तिरका घुसला. दुसराही तसाच. देवदत्त ऑफिसच्या कामासाठी रेडमंडला गेलेला. आन्याने मागे वळून पाहिलं.

"बाबा, काय चुकतंय माझं?"

दोन वर्षं झाली होती तिने त्याला असं काही विचारून. शैलेंद्रचा ऊर भरून आला. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "कोपर वर जातंय तुझं."

तीन संध्याकाळी तो तिचं कोपर सुधारत होता. मग श्वास, मग खांदा, मग पुन्हा कोपर. परतताना दोघं आइस्क्रीम खात, आणि ती त्याला शाळेतल्या गोष्टी सांगे. दाण्याची आठवण त्याला रोज होत असे, आणि रोज तो उद्यावर ढकलत असे. तिसऱ्या दिवशी तिने बाहीने डोळे पुसले, तेही त्याने पाहिलं. "जमेल गं. मी आहे ना," तो म्हणाला. आणि असं म्हणताना त्याला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

रविवारी देवदत्त परत आला आणि तिघं दुकानातल्या रेंजवर गेले. आन्याचा पहिला बाण पाहूनच देवदत्तचा चेहरा उतरला.

"माझी चूक आहे, आन्या. दोरी मी बांधली ना. टायमिंग चुकलं असणार."

"नाही काका, माझंच कोपर," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, वर जातं."

बाबा म्हणतात. हे दोन शब्द ऐकायला शैलेंद्रचे कान महिनाभर आसुसले होते. आता ऐकले, आणि त्याला तिथून उठून जावंसं वाटलं.

"कोपर?" देवदत्त गोंधळला. "कोपर तर मस्त आहे तुझं. ते जाऊ दे, रिस्क नको. ब्रशचाच बसवू. तुझ्या बाबाचं बरोबर होतं." त्याने धनुष्य काउंटरवर दुकानदाराकडे दिलं, मग खिशातून घडी केलेला कागद काढून शैलेंद्रपुढे धरला. "शिकारीला शेतमालकाची परवानगी. पुढच्या शनिवारची. तुम्हा दोघांचीच नावं घातलीत. पहिली शिकार बापाबरोबर व्हावी, मी कशाला मध्ये?"

शैलेंद्रचा हात कागदाकडे गेला नाही. तेवढ्यात काउंटरवर दुकानदाराने स्क्रू सैल केले, टोकदार चिमट्याने फटीत खरवडलं, आणि लाल दाणा हिरव्या मॅटवर पडला.

"राइस?" दुकानदाराने विचारलं.

देवदत्त खो खो हसला. "अरे, खंडेनवमीची अक्षता! धन्य आहात तुम्ही लोक!"

सुटका समोर उभी होती. नुसतं हसायचं होतं. पण आन्या हसत नव्हती.

"बाबा, फडक्याने तूच पुसलं होतंस," ती म्हणाली. "तू पाहिला नव्हतास ना?"

'नाही' म्हणायला त्याने तोंड उघडलं. तिचा डावा हात उजव्या कोपरावर होता. तिच्या नकळत ती ते खाली दाबत होती, त्याने शिकवलं होतं तसं.

"पाहिला होता," शैलेंद्र म्हणाला.

देवदत्तचं हसू थांबलं. त्याने कागद परत खिशात घातला आणि काय करावं न सुचून तो बाणांच्या रॅककडे गेला. आन्याने दुकानदाराला तोच ड्रॉप-अवे पुन्हा बसवायला सांगितला. तिने तीन बाण मारले. तिन्ही मधोमध, एकमेकांना चिकटून लागले. तिने वळून कुणाकडेच पाहिलं नाही.

कागद देवदत्तच्याच खिशात राहिला. शैलेंद्रने मागितला नाही.

गाडीत आन्या नेहमी पुढे बसायची. आज धनुष्य मांडीवर घेऊन ती मागे बसली. दोन सिग्नल गेले.

"माझं कोपर ठीक होतं?"

"हो."

"पहिल्या दिवशीपण?"

"हो, बाळा."

तिने बोटाने रेस्टचा आर्म वर केला, सोडला.

"मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून ते खाली ठेवायची प्रॅक्टिस करत होते, बाबा."