शेंदराचे सहा आंबे

मी तापट मानूस हाये, हे आधीच सांगून ठेवतो. हिवरखेडात या किसनरावच्या तोंडी कोनी लागत नाही. मायशीही भांडतो, बैलाशीही भांडतो. अख्ख्या आठवड्यात मी फकत रविवारी सकाळी शांत राहत होतो. नाल्याकाठच्या आमराईत, देवमन मास्तरसंगं.

मास्तर गावच्या शाळेत शिकवत. छप्पन साली त्याईच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली, पन गाव काही बदललं नाही. मास्तरले पाखरांचा भारी नाद. "हालू नका किसनराव, हळद्या बसला हाये," असं कानाशी म्हनत, अन् मी, वावरातली पाखरं शिव्या देऊन हाकलनारा मानूस, दम धरून पाहत बसो. काय पिवळंजर्द पाखरू बाप्पा! चाळीस वर्सं याच आंब्याखालून गेलो-आलो, पन मान वर करून कधी पाह्यलंच नव्हतं. मंग फडकं पसरायचं. त्याईची भाकर, माहा ठेचा, एकाच फडक्यावर. मास्तर माह्या घरी ओसरीवर चढले असते तं मायनं घर डोक्यावर घेतलं असतं. खोटं कायले बोलू, म्याही कधी 'या' म्हनलं नाही. आमाले संगं जेवाले जगात तेवढीच एक जागा होती.

एकोनसाठ साली आमराईचा लिलाव झाला. सतरा आंबे, कापसाच्या जिनाच्या बॉयलरले जळतन म्हनून! "कोनाच्या बापाची आमराई हाये!" म्हनून मी चावडीवर बोंबललो. मास्तर बोंबलले नाहीत. त्याईनं एकेका झाडाचा घेर सुतळीनं मोजला, अर्ज लिहला, शंभरावर लोकाईचे अंगठे घेतले. तीन खेपा आमी दोघं अकोल्याले गेलो. अमरावतीच्या मोठ्या साहेबालेही कागद धाडला. उत्तर आलं की लिलाव पुरा झाला, आता काही होत नाही.

तोडकरी आले त्याच दिवशी अकरा आंबे पडले. नाल्यात कैऱ्याईचा सडा पडला. मी रडलो, चारचौघात रडलो, लाज कायची त्यात?

"मास्तर," मी म्हनलं, "उरल्या सहाईले शेंदूर फासतो. बुडाशी एकेक गोटा ठेवतो. मारोतीच्या झाडाले हात लावाची कोनाची छाती हाये?"

मास्तरनं मान हालवली. मंग म्हने, "नका करू, किसनराव. आनखी एक अर्ज देऊ."

मले वाटलं, यानं देव सोडले म्हनून याले शेंदराचा इटाळ. "तुमचा अर्ज घाला चुलीत!" असा वरडलो, अन् घरी येऊन तेलात शेंदूर कालवला. दुसऱ्या दिवशी तोडकरी यायच्या आंधी सहाही बुंधे लाल करून ठेवले.

तोडकऱ्याईनं कुऱ्हाडी खाली टाकल्या अन् हात जोडले. ठेकेदार शिव्या देत आला, शेंदूर पाह्यला, चपला काढल्या अन् मुकाट्यानं वापस गेला. जितलो! मी मनातल्या मनात नाचून घेतलं.

मंग गाव लोटलं. नत्थुजी पाटलानं ओटा बांधला, नारळ फुटले, भजन बसलं. तिसऱ्या रविवारी मास्तर सायकलवर आले, हँडलले भाकरीचं फडकं बांधलेलं. नत्थुजी ओट्यावरूनच म्हने, "मास्तर, तिथूनच. सावलीत येऊ नका. देवाची जागा हाये आता."

मास्तर थांबले. त्याईनं माह्याकडं पाह्यलं. 'नका करू' कावून म्हनले होते, ते मले तवा समजलं.

मी पिसाळलो. "कायचा देव? म्या केला हा देव! घरच्या वाटीत कालवला!"

कोनी चिडलं असतं तं बरं झालं असतं. नत्थुजी हासला. "देव कोनी करते काय, किसन? त्यानं तुह्या हातून करून घेतलं. भाग्याचा हायेस लेका." अन् माह्याच कपाळाले शेंदूर लावला.

मास्तरनं सायकल वळवली. "झाडं तं वाचली, किसनराव," एवढंच म्हने.

"मास्तर, घरी चला, ओसरीवर बसून खाऊ," असं म्हनाले मी तोंड उघडलं. बाजूले माय नारळ घेऊन उभी होती, माह्याकडं पाहून राह्यली होती. सात गल्ल्या ऐकू जानारा माहा आवाज, मास्तरपर्यंत पोचलाच नाही. मास्तर गेले. परत कधी नाल्याकडं आले नाहीत, अन् शाळेपाशी भेटले तं नमस्कार करून निंघून जात.

शेवटी मी तेल्हाऱ्याले त्या ठेकेदाराच्या घरी गेलो. त्याच्यापुढं हात जोडले. "शेटजी, ते सहा आंबे लिलावातले हायेत, तुमचे हायेत. येऊन तोडून न्या."

त्यानं कानाले हात लावले. म्हने, "मारोतीचे आंबे? नाही बा. मले लेकरंबाळं हायेत."