तीन हात मुरूम

आमची कंपनी माझ्या डोळ्यांदेखत वाढली, आणि खरं सांगायचं तर माझ्याच हातांनी. बावीस वर्षांपूर्वी अपेन्टेंगसाहेबांकडे सिमेंटचे ठोकळे पाडायचं एक यंत्र होतं आणि नकाशे काढायला मी. दोन खोल्यांची अकरा घरं बांधली, ती विकली गेली. मग चाळीस, मग दोनशे. आज अक्रा शहरापासून प्रामप्राम गावापर्यंत आमच्या सहा वसाहती आहेत. भिंत, फाटक, शाळा, मुलांचे झोपाळे, सगळं आराखड्यात बसवलेलं. आराखडा माझा. वसाहतीचे नियमही माझेच. एकशे बारा नियम आहेत, आणि ते लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

तिसऱ्या टप्प्याच्या वेळी आमचं घराण्याचं घर मधे येत होतं. भाऊबंदांची समजूत मीच काढली. तिथे कोंबड्या आणि भांडणं सोडून आहे काय, असं म्हणालो. सगळ्यांना दुसरीकडे पक्की घरं मिळाली. मी मात्र जुन्या अंगणावरचाच प्लॉट मागून घेतला, म्हणजे जमीन घरातच राहिली असं सांगता आलं असतं. घर माझ्या नावावर व्हायला अजून तीन वर्षं नोकरी करायची आहे.

गेल्या महिन्यात नातू झाला, माझ्या मुलाचा, आर्माचा, पहिला मुलगा. आठव्या दिवशी पहाटे मूल पहिल्यांदा घराबाहेर काढायचं असतं. माझी आजेले आत्या दोन दिवस आधीच जागा बघायला आली. वय ब्याऐंशी, आणि घराण्यात तिच्या शब्दापुढे कुणी जात नाही. मागच्या दारी उभी राहून तिने काठी आपटली.

“माती कुठंय?”

“आत्या, इथे सगळीकडे पेव्हर ब्लॉक. चिखल होत नाही.”

“पोराला उघडं करून ब्लॉकवर ठेवू? आणि छपरावर पाणी फेकलं तर गळणार कुठून? वळचण कुठंय तुझ्या घराला?”

वळचण नव्हती. छप्पर रस्त्यावरून दिसता कामा नये, म्हणून सपाट स्लॅब आणि भोवती कठडा, नियम एकोणीस. आमच्याकडे मूल घराण्याच्या जमिनीवर ठेवतात, वळचणीचं पाणी पावसासारखं त्याच्या अंगावर गळतं, आणि मग त्याला नाव मिळतं. आजोबाचं नाव नातवाला जातं. म्हणजे माझं, ओदार्ते.

“माती नाही तर नाव नाही,” आत्या म्हणाली. “एवढा शिकलास रे, आणि अंगणच पुरलंस?”

मी साहेबांकडे गेलो. चार ब्लॉक उचलायची परवानगी मागितली, तासाभरासाठी.

“ओदार्ते, तू मला भावासारखा,” साहेब म्हणाले. “पण आज तू चार ब्लॉक उचललेस की उद्या शेजारी बकरं बांधेल. हे वाक्य कुणाचं?”

वाक्य माझंच होतं. मी मान हलवून बाहेर आलो.

आठव्या दिवशी पहाटे तीस माणसं पांढरे कपडे घालून फाटकाबाहेर उभी होती. सहाच्या आत एका घरी चारच पाहुणे, नियम चाळीस. पहारेकरी मला ओळखतो, म्हणूनच त्याने पाचवा सोडला नाही. आत आले ते आत्या, विधीसाठी मक्याची दारू हातात घेतलेले काका, आणि ओसूहून आलेल्या विहीणबाई नि त्यांचा भाऊ.

वळचण म्हणून मी शिडीला पत्र्याचा तुकडा बांधला होता.

“काय रे, खुराडं केलंस का?” काका म्हणाले.

मी पहार घेतली आणि ब्लॉक उचकटायला लागलो. म्हटलं, नियम गेले खड्ड्यात! खाली वाळू, मग खडी, मग प्लास्टिक, मग तांबडा मुरूम. किती इंच काय ते मला पाठ होतं. त्याखाली आपली माती येणार असं मी धरून चाललो होतो. तीन हात खाली गेलो, घामाने निथळलो, तरी मुरूमच. आत्याने हात पुढे केला. मी मूठभर दिला. तिने वास घेतला, बोटांनी चुरला.

“ही आपली नाही. आपली काळी, तिच्यात शिंपल्यांचे तुकडे निघायचे. ही कुठली?”

तेव्हा मला तिसऱ्या टप्प्याचा तो कागद आठवला. इथल्या उंचवट्यावरची माती कापून चौथ्या टप्प्याच्या सखल भागात भरायची, आणि इथे बाहेरून आणलेला मुरूम दाबायचा. सही माझी. सहीच्या वेळी तो माझ्यासाठी नुसता आकडा होता. आमचं अंगण ट्रकांत बसून केव्हाच गेलं होतं आणि त्याच्यावरून आता डांबरी रस्ता जातो.

“आत्या, बाळाला ठेव ना,” मी खड्ड्यातूनच म्हणालो. “कुणाला कळणारे?” बोलताना लाज वाटत होती, तरी बोललो.

“मला कळलं ना.”

तिने हातातला मुरूम झटकला. मग विहीणबाईंकडे वळली.

“बाई, तुमच्या घरी अंगण आहे?”

“आहे. एक भिंत पडलीय, पण अंगण आहे.”

“मग मूल घेऊन निघा. उजाडायच्या आत पोचाल. तुमच्या घराण्यातलं नाव द्या त्याला.”

आर्माने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं म्हणून तो थांबला होता. मी पहारीला लागलेला मुरूम पुसत राहिलो. आत्याने त्याच्याकडचं बाळ विहीणबाईंच्या हातात दिलं आणि काठी टेकत चालायला लागली. ती रडत होती आणि डोळे पुसत नव्हती. फाटकाबाहेरची तीस माणसंही त्यांच्या मागोमाग ओसूकडे गेली.

मलाही जायचं होतं. पण आठला तपासणीची फेरी असते. खड्डा दिसला तर नोटीस, आणि नोटीस मिळाली की घर गेलं. मी एकटाच मागे राहिलो आणि मुरूम परत लोटायला लागलो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

सात वाजता आर्माचा फोन आला.

“बाबा, झालं सगळं. पाणी पडलं तेव्हा खूप रडला.”

“नाव?”

“नोई.”

“छान आहे,” मी म्हणालो आणि फोन ठेवून पुढचा ब्लॉक बसवला. नाव खरंच छान आहे. आमच्या घराण्यात ते कुणाचंच नाही.