राखेनं घासलेली काच

“राखेनं घास गो पोरी, मंग बघ काच कशी हसते!”

खर्डीच्या वरच्या पाड्यात कंदिलाची काच मांडीवर घेऊन बसलेल्या आईचा, सकुबाईचा, हा आवाज. आईला जाऊन बारा वर्षं झाली, पण मीनाच्या कानात तो अजून ओलाच होता.

मीना आता शहापूरच्या एका पाणी-तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. नोकरी अजून कच्ची. तिथल्या यंत्रात पाण्यातून उजेड सोडायचा आणि पलीकडे किती पोचला तो आकडा वाचायचा. शुद्ध पाण्याला शंभर. पण गेला आठवडाभर शुद्ध पाणीही कधी शंभर दाखवी, कधी शहाऐंशी. तेवीस विहिरींचे अहवाल अडून बसले होते.

प्रयोगशाळेचे प्रमुख कुंडलिक सर. त्यांना आधी विजेचा संशय आला, मग दिव्याचा. नवा दिवा बसवला, आकडा तस्साच. मग संशय फिरत फिरत भागीपाशी येऊन बसला. भागी झाडलोट करी, भांडी धुई.

“यंत्राचं झाकण उघडून आत फडकं मारलंस ना?”

“माजं बोट पन नाय लागलं, सायेब. उद्या गावची लाइट गेली तर ती पन मीच नेली म्हनाल!”

“जीभ आवर. शनिवारपासून येऊ नकोस.”

भागीनं फक्त मीनाकडे बघितलं. मीनानं मान वळवली. तिलाही वाटत होतं, हीच असणार.

सर जेवायला गेले. मीनानं यंत्रात ठेवायच्या दोन्ही चौकोनी काचनळ्यांत एकाच बाटलीतलं शुद्ध पाणी भरलं. पहिली, शंभर. दुसरी, शहाऐंशी. पुन्हा ठेवल्या. शंभर. शहाऐंशी. यंत्र बिचारं खरंच बोलत होतं.

दुसरी नळी तिनं खिडकीशी तिरपी धरली. भाताच्या पातीनं हातावर ओढाव्यात तशा बारीक रेघा, अंगभर. उजेड तिथंच अडखळत होता.

कुणीतरी घासलीय. भागीच! पाड्यावरच्या बाईला राखेशिवाय दुसरं काय ठाऊक?

आणि तिचा हात थबकला. आठ दिवसांमागं या नळीवरचा तांबूस डाग निघता निघेना, तेव्हा मोरीवरच्या भांडी घासायच्या डब्यातली चिमूटभर राख कुणी घेतली होती? काच हसली, तेव्हा मनातल्या मनात आईला कुणी दाखवली होती?

भागी तेव्हा शेजारीच होती. “ताई, ही पन राखेनं?” एवढंच तिनं विचारलं होतं. आणि आठवडाभर बोलणी खाऊनही तिनं मीनाचं नाव घेतलं नव्हतं.

सर परतले. “सापडलं काही?”

“नळीवर चरे पडलेत, सर.”

“बघ! घासली ना भागीनं, भांड्यांसारखी राखेनं!”

मोरीतला नळ बंद झाला. भागी ओल्या हातांनी दारात उभी राहिली.

“सर...” मीनाची शाळेत शिकलेली भाषा घशातच राहिली. “भागीनं नाय. राख मी लावली.”