अजून एकाला जागा

मित्रांनो, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची मी सतरंजी. अंगाने जुनी झाले आहे, पण वीण अजून घट्ट आहे. सोलापूरच्या मागावर माझा जन्म झाला आणि लालबागच्या एका चाळीने गणपतीसाठी मला विकत आणले. माझ्यावर आरत्या झाल्या, बारशी झाली, गिरणी कामगारांच्या सभाही झाल्या. पुढे गिरण्या बंद पडल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी घडी माळ्यावर गेली. तिथे मला उंदरांखेरीज कोणी विचारीना.

यंदा मात्र चाळीतल्या यशोदाबाई मला शोधत आल्या. त्यांची नात सलोनी कॉलेजच्या फाटकापाशी फलक धरून उभी राहिली होती. 'प्रश्न विचारणे हा गुन्हा नाही', एवढेच त्यावर लिहिले होते. तेवढ्यावरून तिला परीक्षेला बसू न देण्याची नोटीस आली. म्हणून परळच्या मैदानात सर्वधर्म प्रार्थना करून शांतपणे निषेध करायचे ठरले.

चाळीच्या गणपती मंडळाचे चिटणीस वसंतराव म्हणाले, "काकू, राजकारणात मंडळाची सतरंजी नको. उगाच लफडं होईल."

"अरे वसंता, आम्ही प्रार्थनेला बसतोय, दगड मारायला नाय!"

वसंतरावांनी कुरकुरत का होईना, माळ्याची किल्ली दिली.

मैदानात माझ्यावर मौलवी बसले, चर्चचे फादर बसले, विहारातले भन्ते आणि चाळीतले भजनीही बसले. प्रार्थना सुरू होते न होते तोच काही तरुण ओरडत आले, "उठा इथून!" सगळे ताठरले. मला वाटले, आता मी फाटणार.

यशोदाबाई शांतपणे बाजूला सरकल्या. "उभे का रे? बसा. तुमचंपण ऐकू."

त्यांच्यामागोमाग सारी रांग सरकली. दोघे चडफडत निघून गेले, बाकीचे अवघडून कडेला टेकले. मग सगळ्यांनी मिळून संविधानाची उद्देशिका वाचली.

मौलवींच्या नमाजाची वेळ झाली. तेव्हा गर्दीतून एक गृहस्थ पुढे आले. ते वसंतराव होते! त्यांनी हाताने माझी सुरकुती सरळ केली आणि म्हणाले, "इथं करा, चाचा."

सलोनीची चौकशी अजून संपलेली नाही, पण कॉलेजने तिला परीक्षेला बसू दिले.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, झटका, जपा. तरीही मी विरले तर नवी सतरंजी विणता येईल. दुसऱ्यासाठी सरकून बसायची सवय विरली, तर ती कोणत्या मागावर विणाल?